तीन मिनिटांचं अंतर

विरार फास्ट ही नावालाच फास्ट. चर्चगेट ते विरार हे ६० किलोमीटर कापायला तिला सव्वा तासाहून जास्त वेळ लागतो. सरासरी काढली तर ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास. ताशी ३२० किलोमीटरने धावणाऱ्या बुलेट ट्रेनचे खांब त्याच विरारच्या परिसरात उभे राहताहेत, त्यामुळे हा आकडा आणखीच केविलवाणा वाटतो. पण गाडी किती पळते हे बाजूला ठेवून ती किती माणसं नेते हे पाहिलं, तर जगातले फार थोडे मार्ग विरार लाइनच्या जवळपास येतात. गर्दीच्या वेळी एका रुळावर दर तीन मिनिटांनी एक गाडी, म्हणजे तासाला २०. बारा डब्यांच्या गाडीत साडेचार हजारच माणसं धरली, तरी तासाला ९० हजार. तीही एका रुळावरून, एकाच दिशेला. रस्त्याच्या एका लेनमधून तेवढ्या वेळात साधारण दोन हजार मोटारी जातात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा मोटारींत एकटा चालकच असतो.

मुंबईची उपनगरी रेल्वे सुमारे ४०० किलोमीटरची. करोनाच्या आधी तिच्यातून दिवसाला ७५ लाखांहून जास्त प्रवास होत होते. या शहरात नवा रूळ टाकायला जागा नाही, असलीच तर तिच्यावर कोणाचं तरी घर आहे. मग शंभर वर्षांत ही गाडी वाढली कशी? वेग वाढवून नाही, हे उघड आहे. दर एक-दोन किलोमीटरवर थांबणाऱ्या गाडीला वेग पकडायला वावच नसतो. वाढ आली ती वाया जाणारी मिनिटं शोधून. ती संपत आली तेव्हा सेकंद शोधून.

पहिली मोठी मिनिटं सापडली १९२५ साली. वाफेच्या इंजिनाची अडचण अशी, की शेवटच्या स्थानकात पोचल्यावर ते डब्यांच्या आणि भिंतीच्या मधे अडकतं. ते सोडवायचं, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला न्यायचं, पुन्हा जोडायचं, पाणी भरायचं. तोवर फलाट अडलेला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने पहिली विजेवरची गाडी गेली. गाडी फक्त चार डब्यांची होती, पण तिच्या दोन्ही टोकांना चालकाची केबिन होती. आली तशी उलटी निघाली. शिवाय तिची मोटर डब्याखालीच, त्यामुळे थांबा सोडताना गाडी झटकन वेग घेते. लोकलच्या बाबतीत सर्वाधिक वेगापेक्षा ही उचल महत्त्वाची, कारण स्थानकं इतकी जवळ असताना गाडीचा सगळा जन्म वेग धरण्यात आणि सोडण्यात जातो. ५ जानेवारी १९२८ला कुलाबा ते बोरिवली हा मार्गही विजेवर आला. कुलाब्याचं स्थानक १९३० संपता संपता बंद झालं आणि चर्चगेट हे टोक झालं, ते आजतागायत.

पुढची वाढ सरळ लांबीची. डबे वाढवले. नऊचे बारा झाले की त्याच वेळापत्रकात तेहतीस टक्के जागा जास्त मिळते. बाराचे पंधरा झाले की पंचवीस टक्के. पश्चिम रेल्वेवर पंधरा डब्यांची गाडी २००९ साली आली, मध्य रेल्वेवर २०१२ साली. ऐकायला हे सगळ्यांत सोपं वाटतं: आणखी तीन डबे जोडा. प्रत्यक्षात एक डबा वीस-एकवीस मीटर लांब, पंधरा डब्यांची गाडी तीनशे मीटरच्या पुढे. तेवढा फलाट हवा. अनेक ठिकाणी फलाटाच्या एका टोकाला पूल, दुसऱ्या टोकाला सांधे. सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा. तिच्यावर फलाट बांधता येत नाही. मग सांधे सरकवा, सांधे सरकले की सिग्नल सरकवा, कारशेडमधल्या उभ्या राहायच्या लाइनी लांबवा, विजेचं सबस्टेशन मोठं करा. पश्चिमेला हे जमलं, २०२१ मध्ये अंधेरी ते विरार धीम्या मार्गावरही पंधरा डब्यांच्या गाड्या धावायला लागल्या. मध्य रेल्वेवर मात्र त्यांची संख्या तुटपुंजीच राहिली, आणि ‘आमच्याकडे कधी?’ हा प्रश्न ठाण्यापलीकडचे प्रवासी वर्षानुवर्षं विचारतात. त्यात तथ्य आहे. गर्दी पूर्वेला आणि लांबी पश्चिमेला, असं झालं खरं.

विजेची गोष्ट जरा तपशिलात सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यामुळे जे साधलं ते प्रवाशाला कधी दिसलंच नाही. १९२५ पासून मुंबईत १५०० व्होल्टची डीसी वीज होती. समजा एक गाडी फलाट सोडताना ३,००० किलोवॅट ओढते. व्होल्ट १५०० असतील तर वरच्या तारेतून २,००० अँपिअर वाहायला हवेत. हीच शक्ती २५,००० व्होल्टच्या एसी विजेवर घेतली तर १२० अँपिअर पुरतात. अँपिअर जितके जास्त तितकी तार गरम, तितका दाब मधेच गळतो, म्हणून डीसीला थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशन लागतं. एका टप्प्यात तीन-चार गाड्यांनी एकदम वेग घ्यायचा म्हटला तर दाब पडतो आणि गाड्या रेंगाळतात. म्हणजे डबे वाढवा किंवा गाड्या जवळ जवळ आणा, दोन्हीला आडवी येत होती ती वीज. देशभरात २५,००० व्होल्टचं मान रूढ झालं होतं, आणि मुंबई तेवढी जुन्या घरातल्या जुन्या वायरिंगवर चालली होती.

बदलायचं कसं हा खरा पेच. गाड्या बंद ठेवून वायरिंग बदलता येत नाही. या शहरात दोन दिवस लोकल बंद ही कल्पनाच कोणी करत नाही. म्हणून आधी दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. २००७च्या नोव्हेंबरमध्ये जांभळ्या-पांढऱ्या रंगाच्या, सीमेन्सच्या यंत्रणेच्या ज्या गाड्या धावायला लागल्या त्या अशाच. लोकांना त्यांची रुंद खिडकी आणि छतातून येणारी हवा आठवते. खरी करामत त्यांच्या पोटात होती: त्या डीसीवरही चालत, एसीवरही. शिवाय ब्रेक लावला की मोटरच जनित्र होते आणि वीज तारेत परत जाते. लोकल जितक्या वेळा ब्रेक लावते ते पाहता ही बचत किरकोळ नाही. मग टप्प्याटप्प्याने तारा बदलल्या गेल्या. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ साली पुरं झालं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं २०१५ साली, आणि हार्बरवरची डीसी वीज एप्रिल २०१६ मध्ये गेली. २५,००० व्होल्टच्या तारेभोवती जास्त मोकळी जागा लागते, आणि दक्षिण मुंबईतले ब्रिटिशांच्या काळचे पूल ठेंगणे. तिथे गाड्यांना हळू जायला लावलं, काही पूल पाडण्याचा निर्णय झाला. हँकॉक पूल २०१६ साली गेला, कर्नाक पूल २०२२ साली. या पुलांवरून वर्षानुवर्षं ये-जा करणाऱ्यांना पूल पाडल्याचा राग आला, तो रास्तच. खालून गाड्यांचा वेग वाढणार आहे हे वर चालणाऱ्याला कोण सांगणार?

वेग खाणारी आणखी एक गोष्ट रुळाच्या अगदी कडेला होती: माणसांची घरं. नव्वदच्या दशकात मध्य आणि हार्बर मार्गांवर काही ठिकाणी झोपड्या रुळाच्या इतक्या जवळ आल्या होत्या की मोटरमनला ताशी १५ किलोमीटरने गाडी न्यावी लागे. मुलं रुळावर खेळत, बायका रुळावर धान्य वाळत घालत. हळू जाण्यावाचून इलाजच नव्हता. १९९९ साली स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळाने जागतिक बँकेच्या कर्जातून एमयूटीपी, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प, हाती घेतला. त्यात नवी गाडी आणि नवा रूळ यांच्याइतकंच मोठं काम होतं या हजारो कुटुंबांना दुसरीकडे घर देण्याचं. स्पार्क, महिला मिलन आणि रेल्वे स्लम ड्वेलर्स फेडरेशन या संस्थांनी घरांची मोजणी वस्तीतल्याच लोकांकडून करून घेतली, आणि बरीचशी कुटुंबं पोलीस न बोलावता हलली. नव्या इमारतींची अवस्था पुढे काय झाली हा वेगळा आणि फारसा सुखाचा नसलेला विषय. पण लोकलच्या हिशेबात लिहायचं तर ती जागा मोकळी झाल्यावर गाड्यांनी वेग घेतला, नव्या लाइनी टाकता आल्या. रेल्वेची कार्यक्षमता वाढवण्याचं सर्वांत परिणामकारक यंत्र काही वेळा घराची किल्ली असते.

याच महामंडळाच्या जुन्या कागदांत एक वाक्य वारंवार येई: नऊ डब्यांच्या गाडीची क्षमता १,७०० आणि गर्दीच्या वेळी तिच्यात माणसं ४,५००. इंजिनिअरांनी या अवस्थेला नाव दिलं ‘सुपर डेन्स क्रश लोड’, म्हणजे एका चौरस मीटरवर उभी १४ ते १६ माणसं. हा आकडा वाचून परदेशी तज्ज्ञ दचकतात. डोंबिवलीकर म्हणेल, ही तर नेहमीची गाडी.

आता रूळ. मुंबईच्या मुख्य मार्गांवर दोन धीमे आणि दोन जलद रूळ आहेत, आणि ही विभागणी हीच लोकलची खरी शहाणपणाची गोष्ट आहे. एकाच रुळावर सगळ्या गाड्या सारख्या चालत असतील तर त्या एकमेकींच्या मागे दाट लावता येतात. त्यात एक वेगळी आली की तिच्या पुढे आणि मागे रिकामी जागा सोडावी लागते. जलद मार्गावर लांब पल्ल्याची मेल घुसली की नेमकं हेच होतं. ती लोकलइतकी झटकन वेग घेत नाही, आणि ती लेट आली तर लोकलला आउटरला उभं करून तिला आधी काढतात. कसारा-कर्जतच्या प्रवाशांची ही जुनीच तक्रार.

उपाय एकच: मेलसाठी वेगळे रूळ. कुर्ला ते ठाणे आणि दिवा ते कल्याण पाचवी-सहावी लाइन झाली, पण मधला ठाणे-दिवा तुकडा वर्षानुवर्षं रखडला. पुढे-मागे सहा रूळ आणि मधे चार, म्हणजे जाणारी वरात आणि येणारी वरात एकाच दारात अडकावी तशी गत. तो तुकडा अखेर फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून १९१६ सालचा पारसिकचा बोगदा मेल-एक्स्प्रेसकडे गेला आणि जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने नव्या रुळांवर आल्या. पश्चिमेला मुंबई सेंट्रल ते बोरिवली सहाव्या लाइनचा खार ते गोरेगाव हा टप्पा २०२३च्या नोव्हेंबरात झाला. कल्याणला मात्र कसाऱ्याची आणि कर्जतची अशा दोन शाखा एकत्र येतात, तिथल्या यार्डात गाड्यांनी एकमेकींचा रस्ता कापणं अजून नेहमीचंच.

रस्ता कापणं म्हणजे नेमकं किती महाग पडतं, ते पाहायचं तर दिव्याच्या फाटकाचं उदाहरण घ्यावं. मध्य रेल्वेच्या वक्तशीरपणाचा विषय निघाला की दिवा, कळवा आणि ठाकुर्ली ही तीन फाटकं निघायचीच. फाटक आणि सिग्नल एकमेकांना बांधलेले असतात: दांडा पुरता खाली येऊन कुलूप लागल्याशिवाय त्या रुळावरचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. सुरक्षिततेसाठी तेच बरोबर. पण फाटक उघडलं की दोन्ही बाजूंनी रिक्षा, टेम्पो, दुचाकी एकदम घुसतात, पलीकडचा रस्ता अरुंद असतो, एखादा टेम्पो रुळावरच अडकतो. दोन मिनिटांसाठी उघडलेलं फाटक पाच मिनिटं मिटत नाही. तेवढ्यात मागे दोन लोकल येऊन उभ्या राहतात.

एरवी पाच मिनिटांनी काय बिघडतं? दर तीन मिनिटांनी गाडी असलेल्या मार्गावर सगळंच बिघडतं. वेळापत्रकात फट असेल तर उशीर तिच्यात जिरतो. मुंबईच्या सकाळच्या वेळापत्रकात फट नसते, कारण प्रत्येक फटीत एक गाडी आधीच बसवलेली आहे. त्यात आणखी एक चक्र सुरू होतं. गाडी लेट झाली की पुढच्या फलाटावर तिची वाट पाहणारे वाढलेले असतात. ते चढायला जास्त वेळ घेतात, गाडी आणखी लेट होते, आणखी माणसं जमतात. तिच्या मागची गाडी मात्र त्यामानाने मोकळी येते, पण तिच्यासाठी थांबायला धीर कोणाला आहे? म्हणून ‘गाड्या वाढवा’ आणि ‘गाड्या वेळेवर सोडा’ या दोन मागण्या एकाच निवेदनात येत असल्या तरी त्या एका मर्यादेनंतर एकमेकींच्या विरुद्ध जातात. निवेदन देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी हे एकदा मोकळेपणाने बोलायला हवं.

पाऊस हा तर दरवर्षीचा वेगळा अध्याय. रुळाच्या वर चार इंच पाणी चढलं की लोकल थांबवतात, कारण मोटरी डब्याखाली असतात आणि सांधे बदलणारी यंत्रंही जमिनीलगत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, त्या दिवसाचं सोडा. पण साध्या जोरदार पावसातही कुर्ला-शीवचा सखल भाग भरतो, आणि तिथे थांबलेली गाडी कर्जतपर्यंतचं वेळापत्रक घेऊन बसते.

आणि रविवारचा मेगाब्लॉक. लोक वैतागतात, मीही वैतागतो. पण शेवटची लोकल कारशेडला जाऊन पहिली लोकल निघेपर्यंत जेमतेम दोन-तीन तास हाती येतात; त्यातही वीज बंद करणं, सामान नेणं आणि परत सगळं मोकळं करणं यात बराच वेळ जातो. रूळ बदलायचा, तार ताणायची, सांधा घासला आहे का पाहायचं, तर दिवसाचे सलग चार-पाच तास लागतातच. मेगाब्लॉक रद्द केला की पुढच्या आठवड्यात ‘तांत्रिक बिघाड’ होतो. आपण फक्त बिघाडाला शिव्या देतो.

आता शेवटच्या स्थानकातली मिनिटं. चर्चगेटला फलाट चार. जलद आणि धीम्या गाड्यांत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला दोन. तासाला २० गाड्या दोन फलाटांवर घ्यायच्या, म्हणजे एका फलाटाला तासाला दहा, म्हणजे दर सहा मिनिटांनी एक. त्या सहा मिनिटांत गाडी सांध्यांवरून सावकाश आत यायला हवी, उतरणारे उतरायला हवेत, चढणारे चढायला हवेत, दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये मोटरमन बसलेला हवा, आणि गाडी पुन्हा सावकाश बाहेर पडून सांधे मोकळे व्हायला हवेत. संध्याकाळी तिथे उभं राहून पाहावं. गाडी अजून चालती आहे, आणि खिडकीच्या जागेसाठी चढणारे आत उड्या मारताहेत. उतरणारे थोडे, चढणारे झुंडीने. मिनिटभरात सगळ्या सीट भरलेल्या, तिघांच्या बाकावर चौथ्या सीटला कोणीतरी अर्धं अंग टेकलेलं. रांग नाही, शिस्त नाही, पण गाडी ठरल्या वेळी सुटते. टोकियो स्थानकात जपानची चुओ लाइन याच्याही पुढे आहे: एक फलाट, त्याच्या दोन बाजूंना दोन रूळ, आणि गर्दीच्या वेळी साधारण दर दोन मिनिटांनी गाडी उलट फिरते. तिथे मात्र चढणारे दाराच्या खुणेसमोर रांगेत उभे असतात आणि उतरणारा उतरेपर्यंत हलत नाहीत. दोन आणि तीन मिनिटांमधला फरक यंत्रात जितका आहे तितकाच त्या रांगेत आहे.

दोन गाड्यांमधलं अंतर यंत्राने कमी करायचं तर सिग्नल बदलावे लागतात. सध्याच्या पद्धतीत रुळाचे ठरावीक तुकडे पाडलेले असतात. पुढच्या तुकड्यात गाडी असेल तर लाल, त्याच्या पुढच्यात असेल तर पिवळा, आणखी पुढे असेल तर दोन पिवळे, आणि सगळं मोकळं असेल तर हिरवा. तुकड्यात गाडीचं शेपूट जरी उरलं असलं तरी यंत्रणेच्या लेखी अख्खा तुकडा अडलेला. सीबीटीसी या पद्धतीत गाडी रेडिओवरून आपली जागा सतत कळवत असते आणि मागच्या गाडीला प्रत्यक्ष अंतर मोजून जवळ येऊ देतात. अनेक मेट्रो याच पद्धतीवर चालतात. २०१९ साली मंजूर झालेल्या ३३,६९० कोटींच्या एमयूटीपी-३अ मध्ये ती होती. आता रेल्वेची स्वतःची ‘कवच’ प्रणाली सुधारून १८० सेकंदांचं अंतर १२० पर्यंत आणायची भाषा आहे. कागदावर याचा अर्थ तासाला २० ऐवजी ३० गाड्या. पण गाडी फलाटावरच चाळीस सेकंद अडून राहत असेल, तर पाठोपाठ आणलेली गाडी बाहेर उभी राहील, इतकंच. सिग्नल कितीही हुशार असला तरी दादरला जिना तोच.

जिन्यावरून आठवलं. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. गाड्या वाढल्या, डबे वाढले, गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले, आणि माणसांना वर-खाली नेणारा पूल होता तेवढाच राहिला. बारा डब्यांची गाडी फलाटावर एका मिनिटात हजारभर माणसं ओतते. ती पुढची गाडी येण्याआधी बाहेर पडली नाहीत तर फलाट हाच धोका होतो. नंतर लष्कराला बोलावून पूल बांधावा लागला. जिना, पूल, फलाटाची रुंदी ही ‘सुशोभीकरणा’ची कामं समजली जातात; ती वाहतुकीची कामं आहेत.

वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ला बोरिवलीहून निघाली. सुरुवातीला ती रिकामी धावे, मे २०२२ मध्ये भाडं निम्म्याच्या आसपास आणल्यावर भरायला लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळव्याला आणि बदलापूरला लोक रुळावर उतरले, आणि मध्य रेल्वेला काही फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. भांडण थंड हवेशी नव्हतं. नेहमीची गाडी काढून त्याच वेळेला एसी लावली, तर साध्या पासवाले सगळे पुढच्या साध्या गाडीत कोंबले जातात. मार्गावरची एकूण जागा तेवढीच राहते, फक्त तिची वाटणी बदलते. नवी गाडी आणि वाढीव गाडी यांतला हा फरक घोषणेत दिसत नाही, फलाटावर लगेच कळतो.

पण एसी गाडीने एक प्रश्न पुढे आणला जो टाळता येणार नाही: दार. साध्या लोकलची दारं उघडी असतात, म्हणूनच ती वीस-पंचवीस सेकंदांत भरून निघू शकते. गाडी सुटल्यावरही दोघं-चौघं दांडा पकडून चढतात. त्या सेकंदांची किंमत कोण मोजतं हेही ठाऊक आहे. उपनगरी मार्गांवर अलीकडच्या वर्षांतही वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसं मरतात, रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन जलद लोकलच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली; चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. त्यानंतर रेल्वेने जाहीर केलं की यापुढच्या नव्या गाड्या मिटणाऱ्या दारांच्याच असतील. साध्या गाडीतही दारं मिटतील, दारांना झडपा असतील, छतातून हवा आत ढकलली जाईल आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल, म्हणजे मधल्या डब्यातली गर्दी थोडी सरकेल. कल्पना योग्य आहे, आणि तिला उशीरच झाला आहे.

मात्र मिटणाऱ्या दाराचा एक नियम पक्का आहे: सगळी दारं बंद झाल्याशिवाय मोटरमनला गाडी हलवता येत नाही. बारा डब्यांतल्या एका दारात एकाची बॅग अडकली की अख्खी गाडी उभी. एसी लोकलमध्ये हे रोज घडतं. दार मिटू लागतं, कोणीतरी खांदा घालतो, दार उघडतं, पुन्हा मिटू लागतं. फलाटावर जाणारी ही दहा-पंधरा सेकंद तीन मिनिटांच्या हिशेबात कशी बसवायची, हे सिग्नलवाल्यांइतकंच कचेऱ्यांच्या वेळा ठरवणाऱ्यांच्याही हातात आहे. मध्य रेल्वेने अनेक कार्यालयांना वेळा मागे-पुढे करण्याची पत्रं पाठवली होती. सकाळी नऊला सुरू होणारी काही कार्यालयं अकराला उघडली, तर ना रूळ लागतो ना डबा, आणि दर गाडीमागे दारातली निदान चार माणसं तरी आत मावतात. पत्रांना फारसा प्रतिसाद मिळाला नाही. दरम्यान पनवेल-कर्जत मार्गाचे बोगदे खोदून झाले आहेत, बोरिवली-विरारच्या पाचव्या-सहाव्या लाइनसाठी खाडीतली तिवरं तोडण्याच्या परवानग्या न्यायालयातून फिरून आल्या आहेत, आणि बदलापूरला सकाळी सात वाजताच फलाटावर पाय ठेवायला जागा नसते.